इंग्रजीतले प्राणी, त्यांची अनेकवचनं आणि त्यांचे कळप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयात दोन वेगळ्या गोष्टी एकाच यादीत कोंबल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. अनेकवचन चुकलं तर वाक्य चुकतं. समूहवाचक नामांचं तसं नाही. त्यांतली दहा-पंधरा रोजच्या कामाची आहेत, बाकीची हौसेची. ती आली नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही. खालची उत्तरं हा फरक धरूनच दिली आहेत.

‘शीप’ आणि ‘डिअर’ यांना अनेकवचनात एस का लागत नाही?

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मराठीसारखीच तीन लिंगं होती. नपुंसकलिंगी नामांचा एक मोठा गट असा होता की त्याला अनेकवचनात प्रत्ययच लागत नसे. शीप, डिअर आणि डुकरांसाठीचा स्वाइन हे त्या गटातले. ‘वर्ड’, ‘थिंग’, ‘हाउस’ हेही त्यांचेच भाऊबंद होते, पण पुढे एसची लाट आली तेव्हा ते वाहून गेले. कळपानं वावरणारे हे प्राणी तेवढे जुन्या रूपाला धरून राहिले.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. एक वाघ, दहा वाघ. एक उंदीर, शंभर उंदीर. बैल, उंट, साप, हत्ती, सगळे तसेच. आकारान्त नसलेली आपली पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलत नाहीत. फरक पुढे पडतो. मराठीत ‘वाघाने’ आणि ‘वाघांनी’ यांवरून एक की अनेक ते कळतं. इंग्रजीत ‘द शीप जम्प्ड’ एवढंच लिहिलंत तर कळायला मार्ग नाही. मग ‘टू’, ‘मेनी’, ‘दीज’ असं काहीतरी जोडावं लागतं, नाहीतर ‘इज’ किंवा ‘आर’ येईल अशी वाक्यरचना करावी लागते.

जाता जाता: ‘डिअर’ या शब्दाचा जुना अर्थ हरीण नव्हताच, कोणताही प्राणी असा होता. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ ‘टीअर’ आजही सरसकट प्राण्याला म्हणतात. इंग्रजीत मात्र शिकारीच्या नादात अर्थ आक्रसत जाऊन हरणावर येऊन थांबला.

‘फिश’ की ‘फिशेस’?

दोन्ही बरोबर, पण जागा वेगळ्या. टोपलीत वीस मासे असतील तर ‘ट्वेंटी फिश’. मत्स्यशास्त्रज्ञ वेगवेगळ्या जातींबद्दल बोलत असेल तर ‘फिशेस’. एखाद्या नदीतल्या माशांच्या जातींची सूची असेल तर तिच्या शीर्षकात ‘फिशेस’ शोभेल, पण त्याच नदीत गळाला लागलेले चार मासे ‘फोर फिश’च राहतील. सॅमन, ट्राउट, कॉड यांनाही सहसा एस लागत नाही. ज्यांच्या नावात फिश आहे पण जे मासे नाहीत, त्या जेलीफिश आणि सिल्व्हरफिश यांनाही हाच नियम लावा. शार्क, व्हेल आणि ईल मात्र सरळ एस घेतात.

‘माउस’चं ‘माइस’ होतं, तर ‘हाउस’चं ‘हाइस’ का होत नाही?

हा प्रश्न चेष्टेत विचारला जातो, पण उत्तर खरंखुरं आहे. फार जुन्या काळी उंदराला ‘मूस’ म्हणत आणि त्याच्या अनेकवचनाच्या प्रत्ययात ‘इ’ होता. पुढे येणाऱ्या त्या ‘इ’च्या ओढीनं आधीचा ‘ऊ’ तोंडात पुढे सरकला. ‘ऊ’ म्हणताना ओठ गोल होतात. ते तसेच ठेवून ‘ई’ म्हणून पाहा. जो आवाज निघेल तो त्या मधल्या टप्प्यावरचा स्वर. काळाच्या ओघात प्रत्यय झडून गेला, बदललेला स्वर तेवढा मागे उरला आणि तोच अनेकवचनाची खूण झाला. नंतर उच्चार सरकत सरकत आजचे ‘माउस’ आणि ‘माइस’ झाले. उवेचं ‘लाउस–लाइस’ आणि ‘गूस–गीझ’ हेही याच वाटेनं आले. ‘फुट–फीट’ आणि ‘टूथ–टीथ’ त्यांचेच सोबती.

‘हाउस’ नपुंसकलिंगी, म्हणजे वरच्या ‘शीप’च्या गटातलं. त्याच्या अनेकवचनाला तो ‘इ’वाला प्रत्यय कधी लागलाच नाही, त्यामुळे स्वर बदलण्याचा प्रश्नच आला नाही. उलट शेळीच्या ‘गोट’चं अनेकवचन पूर्वी स्वर बदलून होत असे, आज ते निमूटपणे ‘गोट्स’ आहे. कोण टिकलं आणि कोण वाहून गेलं याला काटेकोर नियम नाही.

मग ‘मूस’चं ‘मीस’ आणि ‘मॉन्गूस’चं ‘मॉन्गीझ’ का नाही?

कारण हे दोघे त्या घरातले नाहीत, बाहेरून आलेले आहेत. मूस हे उत्तर अमेरिकेतलं भलंमोठं हरीण. त्याचं नाव तिथल्या अल्गाँक्वियन भाषांमधून सतराव्या शतकात इंग्रजीत आलं. स्वरबदलाची ती सगळी भानगड त्याच्या हजार वर्षं आधीच आटोपली होती. मूसचं अनेकवचन मूसच.

आणि मॉन्गूस? तो तर आपलाच मुंगूस. कोशकार या इंग्रजी शब्दाचं मूळ मराठी ‘मंगूस’ असंच देतात. तो पोर्तुगीजांच्या तोंडून गेला असण्याची शक्यताही सांगतात. सतराव्या शतकात तो इंग्रजीत पोचला आणि लिहिणाऱ्यांनी त्याच्या शेपटीला ओळखीचं ‘गूस’ चिकटवलं. त्या पक्ष्याशी याचा काडीचाही संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘मॉन्गूसेस’. काही कोशांत ‘मॉन्गीझ’ दुय्यम रूप म्हणून सापडतं, पण मराठी माणसानं तरी ते लिहू नये असं मला वाटतं.

याच्या अगदी उलट नशीब ‘टिटमाउस’ या चिमुकल्या पक्ष्याचं. त्याच्या नावातला ‘माउस’ मुळात उंदीर नव्हे. जुन्या इंग्रजीतला तो वेगळाच, पक्ष्यासाठीचा शब्द. कानाला उंदरासारखा वाटला म्हणून तसा लिहिला गेला. पण इथे मात्र अनेकवचन ‘टिटमाइस’ असंच रूढ झालं. नियम शोधणाऱ्यानं इथे हात टेकावेत.

‘ऑक्स’चं ‘ऑक्सन’ हा एकटाच प्रकार आहे का?

रोजच्या वापरातल्या प्राण्यांत, हो. ईएन लावून अनेकवचन करण्याची रीत एकेकाळी जोरात होती, तिचा हा शेवटचा वारस. ‘चिल्ड्रन’ आणि ‘ब्रेदरन’ यांत ती दिसते, पण तिथे आधीच्या अनेकवचनावर दुसरा प्रत्यय चढला आहे. गाईचंही तसंच झालं होतं: ‘काउ’चं जुनं अनेकवचन स्वर बदलून होत असे, त्यावर आणखी ‘न’ चढून ‘काइन’ झालं. जुन्या धार्मिक आणि काव्यमय लिखाणात ते भेटतं. आज लिहायचं तर ‘काउज’.

‘कॅटल’ एकवचन की अनेकवचन?

नेहमी अनेकवचन. ‘द कॅटल आर ग्रेझिंग.’ ‘वन कॅटल’ म्हणता येत नाही आणि ‘कॅटल्स’ तर अजिबातच नाही. एकच जनावर असेल तर काउ, बुल, ऑक्स, काफ, जे असेल ते म्हणा. डोकी मोजायची असतील तर ‘फिफ्टी हेड ऑफ कॅटल’, आणि इथे ‘हेड’लाही एस लागत नाही. गुरांनाच धन मानण्याची कल्पना आपल्याकडे ‘गोधन’ शब्दात आहे. इंग्रजीत ती आणखी खोल गेलेली दिसते: ‘कॅटल’चा मूळ अर्थ मालमत्ता, आणि ‘कॅपिटल’ हा त्याच कुळातला.

‘ऑक्टोपाय’ बरोबर आहे का?

सवयीनं चालून जातं, पण व्याकरणाच्या दृष्टीनं लंगडं आहे. शेवटी ‘अस’ दिसला की लॅटिन समजून ‘आय’ लावायचं, हा त्यामागचा हिशेब. ‘ऑक्टोपस’ ग्रीक आहे, अर्थ आठ पायांचा. ग्रीक रीतीनं अनेकवचन ‘ऑक्टोपोडीझ’ होईल. ते बरोबर आहे, पण चारचौघांत म्हटलं तर लोक तोंडाकडे पाहत राहतात. ‘ऑक्टोपसेस’ लिहा आणि मोकळे व्हा. ‘प्लॅटिपस’चाही ‘पस’ म्हणजे पायच, म्हणून ‘प्लॅटिपसेस’. ‘वॉलरस’ डच भाषेतून आला, तिथे ‘आय’ला काहीच आधार नाही. ‘हिपोपोटॅमस’ मात्र लॅटिनमधून रीतसर आलेला असल्यानं ‘हिपोपोटॅमाय’ चुकीचं नाही. तरी ‘हिपोज’ सगळ्यांत सुटसुटीत.

‘वुल्फ’चं ‘वुल्व्ह्ज’, मग ‘जिराफ’चं ‘जिराव्ह्ज’ का नाही?

एफचा व्ही होतो तो जुन्या अस्सल इंग्रजी शब्दांत: वुल्फ–वुल्व्ह्ज, काफ–काव्ह्ज. जिराफ नंतरचा पाहुणा. खुरासाठीच्या ‘हूफ’ची ‘हूफ्स’ आणि ‘हूव्ह्ज’ ही दोन्ही रूपं चालतात.

‘मंकी’चं ‘मंकीज’ आणि ‘पपी’चं ‘पपीज’ यांत स्पेलिंग वेगळं का?

शेवटच्या वायच्या आधी स्वर असेल तर नुसता एस (मंकी, डाँकी, टर्की), व्यंजन असेल तर वाय जाऊन आयईएस (पपी, बटरफ्लाय, कॅनरी). इथे अपवादांचा त्रास नाही.

‘लार्वा’, ‘अँटेना’, ‘स्पीशीज’ यांचं काय?

जीवशास्त्रात लॅटिन रूपं पाळली जातात: लार्वा–लार्वी, प्यूपा–प्यूपी, जीनस–जेनेरा. ‘अँटेना’त एक उपयोगी भेद आहे. किड्याच्या डोक्यावरच्या मिशा असतील तर ‘अँटेनी’, छपरावरच्या असतील तर ‘अँटेनाज’. ‘स्पीशीज’ दोन्ही वचनांत तेच राहतं. त्याचा एस काढून ‘स्पीशी’ करू नका. तो वेगळाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ नाण्यांच्या रूपातला पैसा.

जुन्या शिकारकथांत ‘थ्री एलिफंट’, ‘टू लायन’ असं दिसतं. ती छपाईची चूक आहे का?

नाही, ती शिकाऱ्यांची बोली आहे. सावज म्हणून पाहिलं की प्राण्याच्या नावाचा एस गळतो. तोच माणूस प्राणिसंग्रहालयाबद्दल लिहिताना ‘थ्री एलिफंट्स’ लिहील. ‘बफेलो’ या सवयीमुळेच दोन्हीकडे डोलतो: ‘बफेलो’ही चालतं, ‘बफेलोज’ही. आपण साध्या लिखाणात एस लावावा. बंदुकीच्या टोकावरून बोलण्याची गरज नसते.

संगणकाच्या ‘माउस’चं अनेकवचन?

‘माइस’ आणि ‘माउसेस’ दोन्ही कोशांत आहेत. ‘माइस’ जास्त चालतं.

‘मर्डर ऑफ क्रोज’ खरंच कोणी म्हणतं का?

कावळ्यांच्या थव्याला ‘मर्डर’ म्हणतात, पण गंमत म्हणून. झाडावर पन्नास कावळे बसलेले पाहून इंग्रज माणूस सहजपणे ‘लॉट ऑफ क्रोज’ किंवा ‘फ्लॉक’ म्हणेल. पक्षीअभ्यासक अहवालात ‘फ्लॉक’ लिहील. ‘मर्डर’ येतो तो प्रश्नमंजूषेत, मथळ्यात आणि गप्पांत. गंभीर लेखात तो घातलात तर वाचकाचं लक्ष कावळ्यांवरून उडून शब्दावर जातं.

हे शब्द आले कुठून?

बरेचसे एकाच ठिकाणी छापून आले. लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्स गावी १४८६ मध्ये ससाणे पाळणं, शिकार आणि ढालींवरची कुलचिन्हं यांबद्दलचं एक पुस्तक छापलं गेलं. ते ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ म्हणून ओळखलं जातं. त्याच्याशी ज्युलियाना बर्नर्स या बाईंचं नाव जोडलं जातं. खानदानी माणसाला शिकारीची भाषा यायला हवी, हरणाच्या कळपाला एक शब्द आणि तितरांच्या कळपाला दुसरा, आणि त्यांत गफलत झाली तर माणूस गावंढळ ठरला, असा तो काळ. त्या पुस्तकात अशा दीडशेहून अधिक शब्दांची यादी आहे आणि अशा याद्या हस्तलिखितांत त्याआधीही फिरत होत्या.

आता ती यादी नीट पाहा. सिंहांचा ‘प्राइड’ म्हणजे गर्व, कोल्ह्यांचा ‘स्कल्क’ म्हणजे दबा धरून लपणं, बिबट्यांची ‘लीप’ म्हणजे झेप, चिचुंदरीसारख्या मोल या प्राण्याचा ‘लेबर’ म्हणजे कष्ट, डोमकावळ्यांचा ‘अनकाइंडनेस’ म्हणजे निर्दयपणा. हे कळपाचे शब्द नाहीतच. त्या त्या प्राण्याबद्दलचे शेरे आहेत. आणि त्याच यादीत माणसंही आहेत: न्यायाधीशांचा ‘सेंटेन्स’, निरोप्यांची ‘डिलिजन्स’, जोगिणींची ‘सुपरफ्लुइटी’, म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेल्या. हंसांचा ‘गॅगल’ आणि बायकांचाही ‘गॅगल’. यादी करणारा चक्क थट्टा करत होता. पाचशे वर्षांनी तीच थट्टा व्याकरणाचा नियम म्हणून पाठ करायला दिली जाते, याचं मला दर वेळी हसू येतं.

नक्कल करणाऱ्यांनीही हातभार लावला. फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांच्या समूहाला यादीत ‘बिझिनेस’ म्हटलं होतं, म्हणजे लगबग. पुढच्या कुणाला अक्षर लागलं नाही आणि ‘फेस्निंग’ असा कुठेच नसलेला शब्द तयार झाला. तोही मग याद्यांतून फिरत राहिला.

यातले आज खरोखर चालणारे कोणते?

‘प्राइड ऑफ लायन्स’ चालतो, पण तो सलग चालत आलेला नाही. मधली कित्येक शतकं तो अडगळीत होता आणि विसाव्या शतकात पुन्हा रुळला. आज सिंहांचा अभ्यास करणाऱ्यांचा तो पारिभाषिक शब्द आहे.

बाकी शिकायचे ते हे. गुरं, हत्ती, हरणं यांचा कळप ‘हर्ड’. मेंढ्या, शेळ्या आणि बहुतेक पक्षी ‘फ्लॉक’. म्हणजे आपला ‘थवा’ आणि मेंढरांचा ‘कळप’ दोन्ही एकाच शब्दात येतात. लांडगे आणि रानकुत्रे ‘पॅक’. माकडं ‘ट्रूप’. मधमाश्या आणि टोळ ‘स्वॉर्म’. मुंग्या, वटवाघळं, पेंग्विन ‘कॉलनी’. देवमासे आणि डॉल्फिन ‘पॉड’. एका वेळी जन्मलेली कुत्र्या-मांजरांची पिल्लं ‘लिटर’, कोंबडीची ‘ब्रूड’, आणि एका घरट्यातली अंडी ‘क्लच’. जुंपलेल्या बैलांची जोडी ‘योक’. एवढ्यावर आयुष्य निघतं. परीक्षेत ‘शिंपल्यांच्या समूहाला काय म्हणतात’ असं विचारलंच, तर तो गुण सोडून द्यावा.

माशांच्या ‘स्कूल’चा शाळेशी संबंध आहे का?

नाही. शाळेचा ‘स्कूल’ ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला. माशांचा ‘स्कूल’ डच भाषेतून आला, तिथे अर्थ झुंड. ‘शोल’ हा त्याच मुळाचा. सामान्य लिखाणात दोन्ही एकच, पण माशांचे अभ्यासक भेद करतात. मासे नुसते एकमेकांच्या आसपास राहत असतील तर ‘शोल’. सगळे एका दिशेला तोंड करून, एका वेगानं, एकदम वळत असतील तर ‘स्कूल’. हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो.

हंसांना ‘गॅगल’ आणि ‘स्कीन’ असे दोन शब्द का?

जमिनीवर किंवा पाण्यावर असले की ‘गॅगल’, रांग धरून उडत असले की ‘स्कीन’. पहिला शब्द त्यांच्या कलकलाटावरून आला, दुसरा सुताच्या लडीवरून. गोल्डफिंच पक्ष्यांच्या ‘चार्म’मागेही मोहिनी नसून आवाजच आहे: किलबिलाटासाठीचा एक जुना शब्द ‘चार्म’सारखा ऐकू येऊ लागला. तितरांची ‘कव्ही’ अंडी उबवण्याच्या फ्रेंच क्रियापदावरून आली, म्हणून ती थव्यापेक्षा कुटुंबाला जास्त शोभते.

‘मर्म्युरेशन’ हा शब्द हल्ली फार दिसतो. तोही हौसेचा का?

सुरुवात हौसेची, पण आता त्याला काम मिळालं आहे. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंक्यांचे नातलग. १४८६ च्या यादीत त्यांच्या थव्याला हे नाव आहे, अर्थ गुणगुण. आज तो शब्द नुसत्या थव्याला नाही, संध्याकाळी रातथाऱ्यावर उतरण्याआधी हजारो पक्षी आकाशात जी वळणं घेतात त्या खेळाला वापरतात. धुराचा लोट वाटावा असा काळा ढग एका टोकाला दाट होतो, दुसऱ्या टोकाला विरतो, मधेच दुभंगून पुन्हा मिळतो, आणि कोणीही कोणावर आदळत नाही. रोममध्ये या थव्यांची छायाचित्रं घेऊन संशोधकांनी प्रत्येक पक्ष्याची जागा मोजली. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की प्रत्येक पक्षी अंतर कितीही असो, जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष ठेवतो. एवढ्यावर अख्खा थवा एकदम वळतो. या दृश्याला ‘फ्लॉक’ म्हणणं खरोखरच अपुरं पडलं असतं.

‘क्रॅश ऑफ राइनोज’, ‘टॉवर ऑफ जिराफ्स’, ‘पार्लमेंट ऑफ आउल्स’ हेही तितकेच जुने आहेत का?

नाही. १४८६ च्या यादीत यांपैकी एकही नाही. गेंड्याचं तर सोपंच आहे: रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा पहिल्यांदा उतरला तो १५१५ मध्ये, लिस्बनला, तोही हिंदुस्थानातून. जुन्या यादीच्या चालीवर लोक आजही नवे शब्द बनवतात. त्यात गैर काही नाही, फक्त ‘प्राचीन’ म्हणून ते पुढे ढकलू नयेत.

‘हर्ड इज’ की ‘हर्ड आर’?

अमेरिकन इंग्रजीत जवळपास नेहमी ‘इज’. ब्रिटिश इंग्रजीत कळप एक वस्तू म्हणून दिसत असेल तर ‘इज’, त्यातला प्रत्येकजण आपापलं काही करत असेल तर ‘आर’. म्हणून ‘द हर्ड इज मूव्हिंग नॉर्थ’, पण ‘द पॅक आर फायटिंग अमंग देमसेल्व्ह्ज’. कोणतंही घ्या, मात्र एकाच वाक्यात ‘इज’ लिहून पुढे ‘देअर’ करू नका. ‘अ नंबर ऑफ बर्ड्स’ला ‘आर’ आणि ‘द नंबर ऑफ बर्ड्स’ला ‘इज’, हे मात्र दोन्हीकडे पक्कं.

अनेकवचनाला षष्ठी कशी लावायची?

अनेकवचन एसनं संपत असेल तर अपॉस्ट्रॉफी एसनंतर: काउज, डॉग्ज, वुल्व्ह्ज. एसनं संपत नसेल तर अपॉस्ट्रॉफी आणि मग एस: माइस, गीझ, ऑक्सन, शीप. उच्चारात ‘माइसेस’, ‘गीझेस’ असं ऐकू येतं, पण स्पेलिंगमध्ये फक्त अपॉस्ट्रॉफी आणि एस वाढतो. ‘शीप’च्या बाबतीत एका मेंढीची लोकर आणि पन्नास मेंढ्यांची लोकर यांचं लेखन हुबेहूब एकच होतं. अर्थ संशयात राहात असेल तर षष्ठी टाळून ‘द वुल ऑफ फिफ्टी शीप’ असं लिहावं.